टिंबाआधी शून्य

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सूत्र इंग्रजीत शिकवलं:
हवं ते, भागिले आहे ते, गुणिले द्रव.
वहीत मी ते इंग्रजीतच उतरवलं
आणि सोडवलं मात्र पावकी-निमकीनं,
सत्तरीतल्या शाळेत गावस मास्तरांनी
छडीच्या ठेक्यावर घोटून घेतलेल्या.
मडगावच्या इस्पितळात आता सोळा वर्षं झाली.
अजून औषध मराठीत मोजते.
ओठ हलतात. नव्या मुली हसतात.

सिस्टर एफिजेनिया हसायची नाही.
तिचे स्वतःचे ओठ पोर्तुगीजमध्ये हलायचे.
म्हणायची, टिंबाआधी शून्य लिही, बाय,
उघडं टिंब रात्रीचं दिसत नाही.
आणि टिंबानंतर फुकटचं शून्य नको.
पाच म्हणजे पाच. शोभेला काही लिहायचं नाही.
निवृत्तीच्या दिवशी, केक कापायची सुरी
तशीच हातात धरून आणखी एक म्हणाली:
एवढ्याशा जिवासाठी दुसरी कुपी फोडावी लागली
तर हात थांबव.
गणित चुकलंय, नाहीतर माणूस.

परवा रात्री तीन वाजून दहा मिनिटं.
सुकांती वेळीपचं बाळ, खोतीगावहून आणलेलं,
पाच दिवसांचं, अजून नाव नाही,
मनगटावरच्या पट्टीवर आईचंच नाव.
वजन तीन पूर्णांक दोन.
डॉक्टर कुडचडकर तीस तास जागे,
त्यांचं अक्षर झोपेत चालल्यासारखं
चार्टच्या रेघेवरून खाली उतरत गेलेलं.
जेंटामायसिन, १२८ मिलिग्रॅम.

कुपीत ऐंशी, दोन मिलिलिटरमध्ये.
एकशे अठ्ठावीस भागिले ऐंशी, गुणिले दोन.
तीन पूर्णांक दोन.
खरं सांगते, मला बरंच वाटलं:
बाळाचं वजन आणि औषधाचा आकडा एकच,
जसं कुणी बसून जुळवून ठेवलंय.
पहिली कुपी फोडली, ओढली, संपली.
दुसरीच्या मानेवर अंगठा ठेवला

आणि केकची सुरी दिसली.

पुन्हा. किलोला चार.
तीन चोक बारा.
बे चोक आठ.
बारा पूर्णांक आठ.
चार्ट दिव्याखाली नेला, तिरपा धरला.
टिंब होतं.
छापील रेघेच्या काळ्यावर नेमकं पडलेलं,
दोन आणि आठच्या मधे,
डास चिरडल्यावर उरतो तेवढं.

फोनवर डॉक्टर आधी काहीच बोलले नाहीत,
त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू आला.
मग चपला न घालताच आले
आणि आकडा नव्यानं लिहून
टिंब असं दाबून काढलं
की कागद पलीकडून फुगला.
आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

भरलेली सिरिंज टाकून दिली.
नवी, एक मिलिलिटरची, सोडली.
दुसरी कुपी शेवटी फोडावीच लागली, सिस्टर,
पण तिच्यातलं फक्त ०.३२.
शून्य मी आधी लिहिलं.
उरलेलं एक पूर्णांक अडुसष्ट वाया,
तेही वहीत लिहिलं, वेळ घालून, सही करून.

आमच्या घरी भात मोजताना
आई कुडव भरला की वर एक मूठ टाकते,
ती मूठ हिशेबात धरायची नाही.
माझ्या हाताला ती सवय लागलेलीच होती.
सोडायला पहिलं वर्ष गेलं.

उजाडता सुकांती काचेपाशी उभी,
केसांत अजून गावची माती,
विचारते, कितलें वखद दिलें गे?
मी करंगळीचं नख दाखवलं.
इतलेंच? म्हणाली,
आणि माझ्याकडे पाहिलं ते असं,
दुकानदारानं हात आखडता घेतल्यावर
बाजारात माझी आई बघते, तसं.
मी तिला काही सांगितलं नाही.
बाळ झोपेत तोंड हलवत होतं,
रिकामंच, दूध ओढल्यासारखं.