तीन अंड्यांच्या भाराचा

आईच्या वहीत या केकला नाव नाही.
वर नुसतं 'महूचा', आणि खाली:
तीन अंडी तोलावीत.
त्यांच्या भारंभार लोणी, साखर, मैदा.
मग पेन्सिलीने, तिरकं:
मेट्रनबाईंना घाई खपत नसे.

महूच्या लष्करी इस्पितळात अकरा वर्षं नर्स होती ती.
तिथून आणलं काय, तर पाठदुखी
आणि हा पत्र्याचा लांबट डबा,
विटेएवढा, कोपऱ्यात डाग दिलेला.

आज तो माळ्यावरून काढला
वरच्या मजल्यावरच्या मुंगीसाहेबांसाठी.
मंगळवारी त्यांचे उरलेसुरले सातही दात काढले.
कवळीला अजून तीन आठवडे.
तोवर पेज, खिचडी, पेज,
आणि जिन्यात कुणी भेटलं की
तोंडावर रुमाल.

तराजू घरात नाही.
समोरच्या पारसमलच्या दुकानात
अंडी तोलायला मागणार तरी कशी?
मी खिशात हात घालून उभा, खिशात तीन अंडी.
त्याने ओळखलं. हसला, दुसरीकडे बघत म्हणाला,
"डेढ़ सौ ग्राम समझ लो, भाईसाब,"
आणि मैदा, साखर तेवढी बांधून दिली.

छत्तीस वर्षं वीज मंडळाचे मीटर वाचले मी.
स्नेहलतागंज ते जुनी इंदूर
प्रत्येक जिन्याखालचा अंधार पाठ.
बॅटरी मारायची, आकडा लिहायचा,
पुढच्या दाराची कडी वाजवायची.
या कुकरला आकडा नाही.
तळाशी वाळू, शिटी काढलेली, रबर काढलेलं,
आणि मंद आच म्हणजे किती मंद
ते मेट्रनबाईंनी आईला सांगितलं असेल,
आईने मला नाही.
झाकणावर तळहात धरून बसलो.
वासावरून काय ते कळणार.

मेट्रनबाई सोबत सफरचंदं शिजवायच्या.
आईने पुढे लिहिलंय: किंवा मिळेल ते.
या 'मिळेल ते'वर आमचं घर चाललं.
आज मिळाले जाम.
(पुण्याचे पाहुणे त्याला पेरू म्हणतात,
आणि जाम मागितला की पावाबरोबरची बाटली पुढे करतात.)
आतून गुलाबी निघाले, नशीब.
बियांचा गाभा चमच्याने कोरून काढला,
दात नसले तरी हिरड्या असतातच.
साखर, दोन लवंगा, बुडेल इतकं पाणी.
फोडी काचेसारख्या होईस्तोवर
खिडकीवर वाफ धरली, बाहेर जानेवारी.

केक मधोमध उकलला,
एका अंगाला उंच, दुसऱ्या अंगाला बसका.
आमचा ओटाच उतरता आहे, त्याला मी काय करू.

वर घेऊन गेलो.
साहेबांनी काप रसात बुडवला,
जिभेने टाळूला दाबला, डोळे मिटले.
मी आपला उभा, बिलावर सही हवी असल्यासारखा.
"छान आहे," म्हणाले, शब्द सगळे वाऱ्यावर,
"पण काहीतरी राहिलंय रे."
उठले. औषधांच्या डब्यामागून
वर्तमानपत्राची पुडी काढली
आणि चिमूटभर जिरावण
जामावर भुरभुरलं.
"आता बघ."

बघितलं.
गोडाच्या पाठीमागून आंबट, खारट, मग हिंग,
मग कानामागे हलका जाळ.
मेट्रनबाईंनी भुवई उचलली असती.
आईने, मला वाटतं, बशी पुढे केली असती.

रात्री 'मिळेल ते'च्या खाली लिहिलं: जिरावण.
किती, ते लिहायला पेन्सिल टेकवली
आणि उचलली.

सकाळी जिन्यात मुंगीसाहेब,
हातात दुधाची पिशवी, रुमाल खिशात,
सगळं बोळकं उघडं टाकून विचारतात:
"काय रे, महूचा उरलाय का?"