उंची

क्रॅव्हॅट म्हणजे काय, ते शब्दकोशात होतं:
पुरुषांनी गळ्याभोवती गुंडाळायचं वस्त्र.
बास, एवढंच.
म्हणून माझ्या नायकाच्या गळ्यात कितीतरी वर्षं
अप्पांचं उपरणं होतं,
जरीकाठी, सत्यनारायणाला ट्रंकेतून निघायचं ते.
ते घालून तो घोड्यावर बसायचा,
कपाळाला आठी,
उत्पन्न भरपूर, काम काही नाही.

माळरान आलं की मी विश्वामित्रीची कोतरं आणायची.
धुक्याचं काय करणार?
कमाटीबागेमागे संध्याकाळी पाला जाळायचे,
तो धूर चालायचा.
त्या धुरातून तो यायचा,
काठाला मगरी दगडासारख्या पडलेल्या,
घोडा बुजायचा नाही.
इंग्लंडात मगरी नसतात हे मला ठाऊक होतं.
पण नदी माझ्याकडे एवढी एकच होती.

घर त्याचं लक्ष्मीविलास.
आत कधी गेले नव्हते, ते सोयीचंच पडलं,
खोल्या हव्या तेवढ्या काढता आल्या.

उत्तरा चौबळला दुसरा आवडायचा,
चौथ्या प्रकरणात गोड हसत येतो
आणि विसाव्यात उधारी ठेवून पसार होतो, तो.
दांडिया बाजार ते न्यायमंदिर
सायकली हातात धरून आम्ही भांडायचो.
तुझा तो बोलतच नाही, ती म्हणायची.
म्हणूनच तर, मी म्हणायची.

पुस्तक एकच, सेंट्रल लायब्ररीचं,
लाल कापडी बांधणी, आळीपाळीनं आमच्याच नावावर.
नायक माफी मागतो त्या पानाच्या समासात
पेन्सिलीनं कुणीतरी गुजरातीत लिहिलेलं: साव खोटो.
त्याखाली उत्तरा: अगदी.
त्याखाली मी: थांबा. पान दोनशे बारा.

मग टीव्हीवर मालिका आली.
नट देखणा, त्याबद्दल वाद नाही.
सहा फूट, निळे डोळे, गळ्याला कडक स्टार्च.
एका रविवारात उपरणं गेलं.
पुढच्या रविवारी मगरी.
हे वाटाणे सोलत म्हणाले,
याला कुणी बस का म्हणत नाही?
मघापासून खिडकीशी उभा आहे.

त्यानंतर पुस्तक उघडलं की
तोच बोलायचा, भुवयांसकट.
माझा मी कशाकशाचा केला होता ते आठवून पाहिलं:
आकाशवाणीवरचा एक आवाज,
गणिताच्या सरांची पाठमोरी मान,
आणखी काहीतरी होतं, एक मुख्य,
तेच सापडेना.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला उत्तराचा फोन.
गुडघा बदलल्यापासून तिला झोप नाही,
नातवाच्या लॅपटॉपवर नवीन काढलेलं बघत होती.
हा तिसरा की चौथा, दाढीवाला.
म्हटलं, आता हिच्या त्या लुच्च्याचं पुराण ऐका.
तर म्हणते,
अगं, हेही उंचच घेतात प्रत्येक वेळी.
आपला तो कुठे उंच होता?

आपला.

पुस्तकात पहिल्याच वर्णनात उंच लिहिलंय.
दोघींनी वाचलंय, किती वेळा.

लायब्ररीत वरच्या मजल्याची जमीन काचेची,
जाड, हिरवट.
खाली उभं राहिलं की वर चालणाऱ्याच्या चपला
पाण्याखालून दिसाव्यात तशा दिसायच्या.
तिथे एक जण स्टूल सरकवत न्यायचा.
स्टुलावर चढून, वर टाचा उचलून
तरी हात जेमतेम पुरायचा.
लाल पुस्तक परत आलं की
दर वेळी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचा तोच.
नाव आम्ही विचारलं नाही.
म्हणजे मी तरी नाही.

फोनवर बराच वेळ पंख्याचा आवाज, तिच्याकडचा.
मग मी विचारलं,
उत्तरा, तुझ्या नदीत मगर होती का गं?

होती म्हणजे काय, ती म्हणाली,
दोन.