आई बसली तो रविवार

फिर्मँ पॅरिसहून आला तेव्हा
कोटाला टर्पेंटाइनचा वास होता
आणि खिशात परतीच्या तिकिटाचेही पैसे नव्हते.
म्हणाला, आई, तू नुसती बस.
बसायचे पैसे मिळतात म्हणे तिकडे? आई म्हणाली,
आणि स्वतःच हसली.
तिला बसलेलं आम्ही पाहिलंच नव्हतं.
जेवायचीसुद्धा चुलीपाशी, उभ्यानं,
पातेल्यातूनच.

रूबेमध्ये आमचं घर कालव्याच्या काठी.
कालवा सोमवारी निळा, गुरुवारी किरमिजी,
गिरणीत जे उकळत असेल ते.
पोरं त्यावर गोट्यांची पैज लावायची.
आई तेवीस वर्षं निळीच्या हौदावर.
पाव मोडला की गाभ्यावर
तिची बोटं उमटायची.
आम्ही तसाच खायचो.

त्या रविवारी अंधारातच उठून तिनं
राख, व्हिनेगर, वाळू, सगळं लावून हात घासले.
कातडी सोलवटली. नीळ जागची हलली नाही.
मग लग्नातला काळा झगा, वर एप्रन,
आणि एप्रनखाली दोन्ही हात.

हात दिसू देत, फिर्मँ म्हणाला.
तोंड काढ, ती म्हणाली.
हात कामाला आहेत, दाखवायला नाहीत.

मी बटाटे सोलत होते.
खिडकीतलं ऊन तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं
आणि बसायची सवय नसलेली माझी आई
बसल्या बसल्या झोपली.
हात आपोआप बाहेर आले.
मांडीवर उताणे पडले,
हौदातून आत्ताच काढल्यासारखे.

फिर्मँनं कुंचला खाली ठेवला.
माझ्याकडे पाहिलं.
मी सुरी थांबवली नाही,
पण साल तुटू नये इतकी हळू केली.
मग त्यानं निळ्या रंगाची नळी
शेवटपर्यंत पिळली.

जागी झाली तेव्हा बघते तर
डोळ्यांखाली निळं, गळ्याच्या घडीत निळं,
मागची भिंत निळी,
कपाळावर हिरवं, गालावर पिवळं.
कावीळ झालीय का रे मला?
उजेड आहे तो, आई.
आपल्या घरात? एवढा?
हात मात्र नव्हते. तिथे एप्रन होता.
एप्रनकडे ती बराच वेळ बघत राहिली.
बरं केलंस, म्हणाली,
आणि लागलीच उठली.

पुढं लीलच्या एका सूत-व्यापाऱ्यानं ते घेतलं,
चाळीस फ्रँकला.
त्याची बायको पाहुण्यांना सांगते म्हणे,
काय ती निळी भिंत!
आमची भिंत चुन्याची होती,
धुरानं काळवंडलेली.

त्या पैशांतून आईनं कोळसा भरला
आणि एक जोड पांढरे हातमोजे आणले.
कधी घालायचे ते मला सांगून ठेवलं,
फिर्मँला नाही.

अकरा वर्षांनी मीच घातले ते.
एकेक बोट, सावकाश.
बटण लावलं तरी मनगटाशी
एक रेघ उरलीच, निळी.
बाही ओढून पाहिली.
पुरली नाही.