ठेका

पहिल्यांदा मी बघितलं ते चाक.
कुंभाराचं, मडक्यांसाठीचं,
आणि त्यावर पालथा घातलेला व्यंकटी,
नऊ वर्षांचा, गरगर फिरणारा.
पोटातलं पाणी निघेल, म्हणाले मोठे.
निघालंही थोडं.

त्या वेळचं शहाणपण तेवढंच.
कुणी पाय धरून उलटं टांगायचं,
कुणी मिठात पुरायचं गळ्यापर्यंत,
कुणी कांदा फोडून नाकाशी.
शिव्या कुणाला देऊ?
हात सगळ्यांचेच थरथरत होते.

अक्कलकोट रस्त्याच्या पायऱ्यांच्या विहिरीत
हुसेनसाब नदाफ पोरांना पोहायला शिकवायचे.
पाठीला वाळका भोपळा,
भोपळा फुटला की डालड्याचा डबा, झाकणाला डांबर.
"हात मार बे, विहीर काय खात नाही तुला!"
आठवड्यानं दोरी सैल,
महिन्यानं डबा काठावर.
अर्धी पेठ त्यांनी तरंगती केली.
बुडत्याला बाहेर कसं आणायचं
हे मात्र त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

त्या रविवारी ते नव्हते.
सिद्राम उतरला व्यंकटीमागे, पट्टीचा पोहणारा,
त्याच्या गळ्याला मिठी बसली
ती सुटली नाही.

आम्ही मुली पायरीवर, कपडे राखायला.
माझ्या मांडीवर चादर होती,
नायनाच्या मागावरची, पाच हात लांब.
व्यंकटी तीन हातांवर होता.

आता महापालिकेच्या तलावावर
तेजस्विनी हुंडेकरी सांगते, वय तेवीस, गळ्यात शिट्टी:
"पहिला नियम, उडी मारायची नाही.
टाका. बांबू, दोरी, रिकामा कॅन,
साडी, चादर, जे हाताला लागेल ते."
मी वहीत लिहून घेते.
चादर हा शब्द नीट येत नाही, दोनदा गिरवते.

मग बिनपायांची रबरी बाहुली.
बुडालेल्याला आधी श्वास, मग दाब.
पाच सेंटिमीटर, म्हणजे विडीहून जरा कमी,
हे मला लगेच कळलं, जन्म विड्या वळण्यात गेला.
तीस दाब, दोन श्वास.
मिनिटाला शंभर ते एकशे वीस.
कॉलेजच्या पोरांना ठेका सापडेना,
कुणी धावतंय, कुणी दमतंय.
माझ्या तळहातांना सापडला.
खटाक् खटाक् खटाक् खटाक्,
धोटा इकडून तिकडे,
भिंतीपलीकडे नायना, रात्रपाळी,
ह्याच आवाजावर झोपलेली मी.
बाहुलीची छाती टक् वाजली.
"अक्का, कुठं शिकलात?"
मी टॉवेल शोधला.

परतताना भद्रावती पेठेत
एक माग अजून चालू होता, एकच.
खिडकीशी उभी राहिले.
तीस मोजले.
दोनदा श्वास सोडला, सावकाश,
समोर कुणीच नसताना.
माग थांबला नाही.
मी पुन्हा एकपासून धरलं.