दोनच डबे

डबा उघडला की वास येतो
उकडून विसरलेल्या बटाट्यांचा,
थोडा ओल्या पुठ्ठ्याचा.
मी आयांना आधीच सांगून ठेवते:
वासावर जाऊ नका. चवही कडवट आहे,
बाळ तोंड फिरवेल दोन दिवस, कदाचित चार.
म्हणून पहिल्या चिठ्ठीवर दोनच डबे.
घेतलं तिनं, तर पुढचे लिहू.

नेरिस काही बोलली नाही.
तिच्या कोटाला गोठ्याचा वास होता,
टवी नदीच्या या खोऱ्यात तो कुणाला येत नाही,
सगळ्यांच्याच कोटाला असतो.
मांडीवर माब्ली, अकरा आठवड्यांची,
गालांवर खरबरीत लाल चट्टे,
आणि पिशवीत बांधून आणलेला लंगोट:
शेंबडासारखी शी, तिच्यात रक्ताचे दोन धागे.

एकशे चाळीस गाई आहेत त्यांच्याकडे.
पहाटे साडेचारला गेथिन सडांना यंत्रं लावतो,
एक दिवसाआड टँकर येतो,
आणि त्या मोठ्या टाकीत जे थंड होत असतं
त्यातलं चमचाभरही
पोरीला चालत नाही.

हे कळायला मला सात आठवडे लागले.
आधी म्हणाले, पोट दुखतं या वयात, होतं असं.
मग दूध घट्ट करायची पूड दिली.
मग फार शहाणपण करून
लॅक्टोज नसलेला डबा सुचवला,
जणू दोष साखरेचा होता.
साखर गेली, प्रथिन तिथेच राहिलं.
दर वेळी नेरिस म्हणाली, बरं डॉक्टर.
आणि घरी जाऊन लिहीत राहिली,
गाईंच्या विण्याच्या नोंदवहीत, शेवटच्या पानापासून उलटी,
किती वाजता ओकली, किती वेळ रडली.
आमच्यात दूधखुळी कोण होतं
ते त्या वहीत पेन्सिलीने आहे.

चिठ्ठी लिहिताना पडद्यावर पिवळी चौकट आली:
हे महाग आहे. नक्की?
वेल्समध्ये चिठ्ठीला पैसे पडत नाहीत,
म्हणजे कुणाला तरी पडतातच.
मी 'नक्की' दाबलं,
सात आठवडे उशिरा, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले, एल्वेद,
टोपी हातात, बसायला तयार नाहीत.
आमच्या दुधात काय वाईट आहे?
म्हटलं, दुधात काहीच नाही.
तिच्या अंगाला ते परकं वाटतं, ते हाकलू बघतं.
डब्यात तेच प्रथिन आहे, बारीक तोडलेलं,
इतकं बारीक, की ओळखच पटू नये.
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
म्हणजे डब्यातलंही गाईचंच?
गाईचंच.
तेवढा एक शब्द घेऊन
त्यांनी टोपी घातली आणि गेले.

चौथ्या दिवशी माब्लीने बाटली संपवली.
तीन आठवड्यांत गाल गाल झाले.
आणि मग मी तिच्या आईला ते सांगितलं
जे सांगताना मला दर वेळी खाली बघावंसं वाटतं:
आता पुन्हा साधं दूध पाजून बघायचं. थोडं, घरीच.
परतलं तर खात्री. नाही परतलं तर डबा नको.
दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो,
मी तिला फुंकायलाही सांगत नव्हते.
पहिल्यांदा नेरिस 'बरं' म्हणाली नाही.
म्हणाली, तुमची खात्री, आणि पोट तिचं.
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
दार लोटून गेली.

दहा दिवसांनी फोनवर फोटो आला, वहीच्या पानाचा.
सोमवार, एक औंस, काही नाही.
मंगळवार, दोन औंस, रात्रभर रडली.
बुधवार, रक्त. थांबवलं. आता लिहा.

मी लिहिलं. या वेळी दोन नाही, महिन्याचे.
मग फोटो पुन्हा उघडला.
वही त्या पानावर संपत आली होती.
वरच्या अर्ध्यात एल्वेदच्या मोठ्या अक्षरात:
बासष्ट नंबर, पहाटे, कालवड, उभी राहिली.
खाली, उलट्या बाजूने लिहीत आलेली, माब्ली.
मध्ये एक ओळ कोरी.