वासाचे गुण

शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
आमची प्रयोगशाळा.
तिथं मला पगार मिळतो नाकाचा.

परीक्षेच्या आदल्या रात्री लसूण नाही,
सकाळी गजरा नाही, केसांना तेल नाही.
शहानूर मुजावर दर महिन्याला अर्ज करतो :
बुडालेल्या रश्श्याचा भत्ता मिळावा.

बरणी ऐंशी अंशांवर दोन तास.
झाकण बोटभर सरकवायचं, एकदाच ओढायचं,
कागदावर आकडा लिहायचा.
एक म्हणजे काहीच नाही.
सहा म्हणजे पळा.
तीनपर्यंत माल पुढं जातो, चार आला की परत.

काय काय हुंगलं आजवर.
जुन्या बाटल्या वितळवून विणलेलं सीटचं कापड,
त्यात सरबताची आठवणसुद्धा नव्हती.
मासेमारीच्या फाटक्या जाळ्यांचा गालिचा,
त्यात समुद्र शोधला मी, उगाच.

आणि आज पंजाएवढा तुकडा, दाराच्या आतल्या बाजूचा.
चिपाडं. दळलेली, उकळलेली, राळेत दाबलेली.
दार दीड किलोनं हलकं होतं म्हणे,
बॅटरी तेवढीच लांब पळते.
पुण्याहून आलेला डिझायनर बोटानं रेषा दाखवत होता :
उसाचे धागे दिसले पाहिजेत लेपाखालून,
माणसाला वाटलं पाहिजे आपण रानाजवळ आहोत.
फक्त वास नको.

झाकण सरकवलं.

शियेचं गुऱ्हाळ.
भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी,
चुलवाणात खसाखस जाणारी चिपाडं,
उसाचा रस उसाच्याच सालीवर शिजायचा
आणि त्याला कुणी कसलं नाव दिलं नव्हतं.
आप्पा गुळवे. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचे,
चिमटीत गोळी करून ताटलीवर मारायचे
आणि कान द्यायचे.
त्यांच्या परीक्षेला आकडा नव्हता.
नुसतं "आली" म्हणायचे,
आठ माणसं उठून काहिलीला हात लावायची.

गुऱ्हाळ बंद होऊन चौदा वर्षं झाली.
आता तिथं गाड्या धुतात.

शहानूरनं तीन लिहिलं.
दीपांजली खोतनं साडेतीन, आणि माझ्याकडं बघितलं.
फॉर्मवर चांगल्या वासाला रकाना नाही.
मी पेन धरून बसले, बरणी गार होईपर्यंत.
वास स्पष्ट होता, दाट होता,
लातूरच्या किंवा लुधियानाच्या माणसाला
भर उन्हात, बंद काचांच्या आत
तो कशाचा वाटेल, मला काय माहीत?
चार लिहिलं.

माल परत गेला.
सोड्यात धुतला, पुन्हा उकळला, पुन्हा वाळवला.
दुसऱ्या खेपेला दोन.
तिसऱ्या खेपेला मी झाकण सरकवलं
आणि वाटलं, बरणी रिकामीच दिली की काय.
एक.
सही केली. सगळ्यांनी पेढे खाल्ले,
परीक्षा संपली होती, चालत होतं.

कंपनीनं घरच्यांना बोलावलं त्या दिवशी
आप्पांना आणलं, नवं धोतर नेसवून.
गाडी मधोमध उभी, पांढरी, आवाज न करणारी.
आत बसले. सीटला हात लावला नाही,
पडद्यावरचा नकाशा बघितला नाही.
दाराच्या रेषांवरून अंगठा फिरवला, एकदा खाली, एकदा वर,
मग मधल्या बोटाच्या पेरानं
पॅनेलवर टकटक केलं
आणि कान दिला.

डिझायनर शेजारीच उभा होता, हसून.
काय म्हणताहेत, त्यानं विचारलं.

"चिपाडच हाय," आप्पा म्हणाले,
"पण जादा शिजवलासा की गं."