परत येताना

बाबा कुठेच थांबायचे नाहीत.
सस्कॅचेवानचा तो आखल्यासारखा रस्ता,
दोन्ही अंगांना फुललेला कनोला,
आणि मागच्या सीटवर आम्ही दोघी,
तापलेल्या रेक्झिनला मांड्या चिकटलेल्या.
मार्ता किंचाळायची, "बाबा, तो बघा, सिमेंटचा बीट!
दुमजली!"
ते आरशातसुद्धा बघायचे नाहीत.
म्हणायचे, "परत येताना."

परत येताना रात्र असायची.
किंवा लोणच्याची बरणी डिकीत सांडलेली असायची,
किंवा आई बाबांशी बोलत नसायची,
आणि तो बीट अंधारात
नुसता एक काळा फुगवटा होऊन
मागे पडायचा.

आता मी पंचावन्नची, मार्ता त्रेपन्नची.
गाडी माझी, पेट्रोल तिचं,
नियम एकच: पाटी दिसली की ब्रेक.

म्हणून सकाळपासून जेमतेम नव्वद किलोमीटर झालेत.

एका पत्र्याच्या शेडमध्ये एकशे बारा जातींची काटेरी तार,
फळ्यांवर ठोकलेली, फुलपाखरं टाचावीत तशी.
एल्डन नावाचा म्हातारा एकेका तुकड्याला बोट लावून सांगत होता,
ही गायींसाठी,
ही घोड्यांसाठी,
ही सख्ख्या भावासाठी.
शेवटच्या तुकड्यापाशी तो जरा जास्तच रेंगाळला.

मग एक बाई, हायवेवर सापडलेले हातमोजे विकणारी.
दोरीवर वाळत घातलेले शंभरेक हात,
सगळे डावे.
"उजवे कुठं गेले?" मार्तानं विचारलं.
"उजव्यासाठी लोक गाडी वळवून येतात," बाई म्हणाली.
"डाव्यासाठी कोण येतंय?"
भर जुलैत मार्तानं दोन डॉलरला एक लोकरी हातमोजा घेतला
आणि लगेच घातला.

आणि मग तो बीट.
दुमजली नव्हताच. फार तर दीड.
रंग उडून गुलाबी झालेला, सर्दी झालेल्या नाकासारखा.
पोटात लोखंडी जिना,
वर एक खोली, फ्रिजवर लावायची चुंबकं, बिटाचा मुरंबा,
आणि गल्ल्यावर तेरेझ पाकेत, मनगटापर्यंत जांभळी.
तिनं चौऱ्याहत्तर सालापासूनच्या वह्या जपल्यात,
सफरचंदांच्या खोक्यांत.
नाव, गाव, किती जण, शेरा.

मार्ताला उचापती फार.
अर्ध्या तासानं ती म्हणाली, "लेस्या, इकडं ये."
आवाज खाली आलेला.

ओ. ह्रिन्चुक. ऑक्टोबर. किती जण: एक. शेरा: जिना अरुंद.
ओ. ह्रिन्चुक. पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर. एक. मुरंबा बरा.
ओ. ह्रिन्चुक. एक. शेरा नाही.
तेच ते उजवीकडं कललेलं अक्षर,
ज्यानं आमच्या प्रगतिपुस्तकांवर सही व्हायची.

म्हणजे गव्हाचा ट्रक रिकामा करून येताना
हा माणूस इथं थांबत होता.
हा जिना चढत होता. मुरंबा चाखत होता.
मला आधी रागच आला,
चाळीस वर्षांचा, ताजा, गरम.

चौथ्या नोंदीत "किती जण"पुढं लिहिलंय: तीन.
नोव्हेंबर, मंगळवार.
मंगळवारी आम्ही शाळेत असायचो.

"आपण दोघी धरून असेल," मार्ता म्हणाली.
मग थोड्या वेळानं, "किंवा नसेल."
मी तेरेझकडं पाहिलं.
ती चुंबकं पुसत होती, एकच चुंबक,
फार वेळ.
आठवत असेल तिला. नसेलही.
मी विचारलं नाही, मार्तानंही नाही.

तिनं या सालची वही पुढं सरकवली.
मार्तानं डाव्या हातात लोकर, उजव्या हातात पेन धरून
नाव लिहिलं, गाव लिहिलं,
"किती जण"पाशी थबकली,
पेन झटकलं, जणू शाई संपलीय,
आणि ती जागा तशीच सोडून
शेऱ्यात लिहिलं: जिना अजून अरुंदच.

पुढं चौदा किलोमीटरवर दोन डोक्यांचं वासरू आहे,
पेंढा भरलेलं. पाचला बंद होतं.
पावणेपाच झाले होते.
लोखंड खणखणवत आम्ही खाली पळालो.